घाट चढायच्या आधी : गरोदरपणातला न्यूमोनिया आणि आयसीयूचे एकोणीस दिवस

पडवी

लिहू की नको करत वर्ष गेलं. आता पुन्हा गणपती तोंडावर आलेत, मुंबईची माणसं यायला लागलीत, आणि खालच्या वाडीतली एक पोरगी सहा महिन्यांची गरोदर असून परवापासून खोकतेय. तिच्या सासूला काल जे सांगून आलो तेच इथे लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. लांज्याजवळ थोडी कलमं आणि एक झेरॉक्सचं दुकान, एवढाच माझा संसार. जे डोळ्यांनी पाहिलं आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, तेवढंच लिहितोय.

मागच्या वर्षी वहिनीला २९ वा आठवडा चालू होता. दादा मुंबईहून आला तो नाक पुसतच. दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांना ताप. आम्ही तिसऱ्या दिवशी उठून मखराच्या मागे लागलो, वहिनी काही उठली नाही. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, तर "पोट वर आलंय, दम लागायचाच" म्हणून खोकल्याचं औषध दिलं. आम्हालाही ते पटलं. पटण्यासारखंच आहे ना ते!

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, "वहिनी, चहा आणू?" ती म्हणाली, "नको... भाऊजी... मळमळतंय." तीन शब्दांना तीन श्वास. ते मी अजून विसरलेलो नाही.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर खणात होता. त्याचे सेल गळून गेले होते, टीव्हीच्या रिमोटचे काढून घातले. आकडा आला ९३. आई म्हणाली, कोविडात तुझ्या काकाला ९३ च होतं, घरीच बरा झाला, सकाळी बघू. ही आमची सगळ्यात मोठी चूक. गरोदर बाईचा आकडा ९५ च्या खाली गेला की बघत बसायचं नसतं, हे मला नंतर कळलं.

रात्री दोनला निघालो. तालुक्याला ऑक्सिजन लावला आणि तिथल्या मॅडमनी रिपोर्टची वाट न बघता फ्लूची गोळी सुरू केली. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे एक्सरेत दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून वहिनीला एक इंजेक्शन दिलं, दुसरं २४ तासांनी द्यायचं होतं. पहाटेपर्यंत पिशवीवाला मास्क लावूनही आकडा ९१.

आता मुद्द्याचं. मनगटातून रक्त काढून एक तपासणी करतात, एबीजी. तिचा कागद बघून एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "सर, कार्बन डायऑक्साइड ३९, नॉर्मल आहे." सर म्हणाले, "तुझा-माझा नॉर्मल. हिचा नाही. ही थकत चाललीय."

मग आम्हाला बाहेर बोलावलं. कोल्हापूरला न्यावं लागेल म्हणाले, पण घाट चढायच्या आधी इथेच नळी घालणार, व्हेंटिलेटरवर घेऊनच पाठवणार.

आमच्याकडे व्हेंटिलेटर म्हणजे माणूस गेला, फक्त मीटर चालू आहे. दादा मटकन बाकावर बसला. आई म्हणाली, मास्क लावून न्या, नळीचं काय ते कोल्हापूरवाले बघतील. मी तर चक्क भांडलो. ती बोलतेय, मान हलवतेय, आणि तुम्ही तिला झोपवायला निघालात?

सरांनी केसपेपर उलटा केला आणि पेनाने चित्र काढलं. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात जी हवा उरते ती आपली राखीव टाकी. गरोदरपणात छातीखालचा पडदा चारेक सेंटिमीटर वर सरकतो, टाकी पाचव्या हिश्शाने लहान होते, आणि इंजिन दोघांचं म्हणून तेल पाचव्या हिश्शाने जास्त खातं. त्यात टाकीच्या तळाला न्यूमोनियाचा गाळ. म्हणाले, "हिचा श्वास थांबला तर तुमच्या-आमच्यासारखी पाच-सहा मिनिटं मिळणार नाहीत, दोनही मिळणं कठीण. आंबा घाटात, वळणावर, गाडी थांबवून, टॉर्चच्या उजेडात, सुजलेल्या घशात मला नळी घालायला लावू नका. इथे माझ्याकडे उजेड आहे, चार हात आहेत. आत्ता घालू दे."

दादाने सही केली. बँकेने परत पाठवली असती अशी सही.

घाटात दरडीमुळे एकेरी वाहतूक होती. आमची गाडी चाळीस मिनिटं एका जागी. पाऊस, धुकं, मागे यष्टी, पुढे चिऱ्याचा ट्रक. वहिनी आत शांत झोपलेली, यंत्र एका लयीत चालू, आकडा ९४. त्या चाळीस मिनिटांत मला सरांचं चित्र समजलं.

कोल्हापुरातले दिवस सगळे लिहीत नाही, बरेचसे आठवतही नाहीत. बाकावर बसलेल्या माणसाला सोमवार-मंगळवार नसतो. पण दोन गोष्टी सांगतो. दुसऱ्या दिवशी तिला पालथी घातली. पोटात बाळ असताना! मी काचेतून बघितलं. छातीखाली जाड उशी, कमरेखाली जाड उशी, मध्ये पोट मोकळं लोंबतं. सहा माणसं लागली, एक जण फक्त नळी धरून उभा. १६ तास तशी ठेवली. उताणी करायची वेळ आली की उजव्या कमरेखाली पाचर घालून डावीकडे कलती ठेवायचे, नाहीतर गर्भाशयाचं ओझं मोठ्या शिरेवर येऊन रक्तदाब पडतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक पाळीला एक सिस्टर येऊन पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकायची. एकदा तिने दार किलकिलं करून मला ऐकवले. टपटप टपटप, कौलावर पागोळ्या पडाव्यात तसे.

११ व्या दिवशी नळी निघाली, १९ व्या दिवशी आयसीयूतून बाहेर. पोट तसंच. बाळ काढलं नाही. ३८ व्या आठवड्यात साधी प्रसूती झाली, मुलगी, २ किलो ४००. सध्या माझ्या दुकानातले कागद खाते.

---

कोकमसरबत

काटा आला वाचताना. वहिनींना आणि पिल्लूला खूप आशीर्वाद.
दोन बाळबोध प्रश्न. गरोदरपणात एक्सरे कसा काय काढला? आणि कार्बन डायऑक्साइड ३९ नॉर्मल का नाही? मी लॅबमध्ये कामाला होते, आमच्या कागदावर ३५ ते ४५ छापलेलं असायचं.

---

चूकभूल

भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूत सतरा वर्षं. आयडीवरून कळलंच असेल. 'पडवी', त्या सरांनी काढलेलं चित्र मी वॉर्डात निम्म्या नातेवाइकांना काढून दाखवते. टाकी आणि इंजिन मात्र ढापणार.

कोकमसरबत, छापलेला आकडा पोट नसलेल्या माणसाचा. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन श्वासाच्या केंद्राला सतत टोचणी लावत असतं. मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा ३० ते ५० टक्क्यांनी वाढते, म्हणून धडधाकट गरोदर बाईचा कार्बन डायऑक्साइड २८ ते ३२ च्या आसपास असतो. बाळाचा कार्बन डायऑक्साइड आईकडे वाहतो तो या उतारावरूनच. आता न्यूमोनिया झालेली, मिनिटाला ३५ श्वास घेणारी बाई, तिचा आकडा खरं तर ३० च्याही खाली हवा. तो ३९ आला म्हणजे भाता चालवणारा हात दमला. पुढच्या दोन-तीन तासांत ती गळून पडणार. त्या सरांना माझा नमस्कार कळवा.

एक्सरे : गर्भाला ५० मिलिग्रेच्या खाली किरणं गेली तर अपाय झाल्याचं दिसत नाही. छातीच्या एक्सरेत बाळापर्यंत ०.०१ मिलिग्रे किंवा त्याहूनही कमी पोचतं. छातीचा सीटी स्कॅनसुद्धा एक मिलिग्रेच्या आतला. "पोटात बाळ आहे म्हणून एक्सरे नको" या एका वाक्याने माझ्यासमोर जितकं नुकसान झालंय तितकं एक्सरेने कधीच झालेलं नाही.

आणि ती फ्लूची गोळी. ओसेल्टामिविर, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. गरोदरपणात चालते. पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सर्वात उपयोगी, उशिरानेही द्यायचीच. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेत लोकसंख्येच्या एक टक्का असलेल्या गरोदर बाया मृतांमध्ये पाच टक्के होत्या. तेव्हापासून गरोदर बाईला थंडी-ताप-खोकला आणि दम असेल तर रिपोर्टसाठी थांबायचं नाही, हे आम्हाला पाठ आहे. फ्लूची लस मात्र गोळीच्याही आधीची गोष्ट. कुठल्याही महिन्यात घेता येते, आईने घेतली की जन्मल्यावर पहिले काही महिने बाळालाही संरक्षण मिळतं. मारलेल्या विषाणूची आहे, घाबरायचं काही नाही.

---

रोखठोक

सगळं ठीक. पण हेही लिहा की आजकाल जरा दम लागला की आयसीयू, आणि आयसीयूत गेलं की नळी. बिल किती झालं ते धागाकर्त्याने सोयीस्करपणे गाळलंय.

---

पडवी

गाळलं नाही, विसरलो. कोल्हापुरात ज्या खाजगी रुग्णालयात आधी नेलं तिथे दारातच दोन लाख भरा म्हणाले. वहिनी गाडीत, सिलिंडर चालू, आणि काउंटरवरचा मुलगा कार्ड स्वाइप होत नाही म्हणून यंत्र हलवून बघतोय. नाव लिहीत नाही. अर्ध्या तासाने दुसरीकडे गेलो, तिथे महात्मा फुले योजनेत घेतलं. रेशनकार्ड आणि आधार लागलं, ते गावात होतं. मावसभावाने फोटो पाठवला, मग सकाळच्या यष्टीने मूळ कागद पाठवले. आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा, चौथ्या दिवशी नाही. योजनेबाहेरची औषधं, जेवण, राहणं, येणं-जाणं धरून आमचे साधारण ऐंशी हजार गेले. एक वर्षाचा आंबा म्हणा.

नळीबद्दल : मीही तुमच्यासारखाच भांडलो होतो, ते वर लिहिलंय.

---

सायरन

सरकारी रुग्णवाहिकेवर पायलट आहे, म्हणजे ड्रायव्हर हो. दहा वर्षं. घाटातल्या माणसांसाठी एकच सांगणं. गाडीत बसायच्या आधी सिलिंडर किती आणि काटा कुठे आहे ते विचारा. लाजू नका.

गणित सोपं आहे. मोठा जम्बो भरलेला असला तर ७००० लिटर. मिनिटाला १५ लिटरने पावणेआठ तास. छोटा, ज्याला बी टाइप म्हणतात, तो १५०० लिटर. त्याच वेगाने फक्त १०० मिनिटं. रत्नागिरी ते कोल्हापूर १३० किलोमीटर, कोरडा रस्ता असला तरी तीन तास धरा. पावसात दरड आली तर देवाक काळजी. छोट्या सिलिंडरवर साखरप्यापर्यंत पोचाल, घाट चढणार नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंट असला की यंत्र स्वतः चालायलाही गॅस खातं, तेव्हा डॉक्टर जेवढं सांगतील त्याच्या दुप्पट घ्यायचं, हा आमचा नियम. आणि नाकाला जाड नळ्या लावून मिनिटाला ५०-६० लिटर सोडतात ना, तसा पेशंट गाडीत नेता येत नाही. आम्ही नको म्हटलं की नातेवाईक चिडतात. बाबांनो, जम्बो दोन तासांत रिकामा होतो.

अवांतर : वहिनींच्या वेळी घाटात पुढे जो चिऱ्याचा ट्रक होता त्याच्या ड्रायव्हरला माझ्यातर्फे दोन शिव्या. सायरन ऐकूनही साइड देत नाहीत.

---

कुडाळकर

आमच्या भाचयेचा पण असाच झाला. भातलावणीच्या दिसात ताप इलो, पाचवो म्हयनो. आमका वाटला साधो ताप. पोटऱ्ये दुखतत म्हणान रडा होती. तिसऱ्या दिसाक खोकल्यातसून रगात. ओरोसाक सिव्हिलात न्हेला, थयसून गोव्याक बांबोळी. लेप्टो निघालो, उंदरांच्या मुताच्या पाण्यातसून येता तो ताप. वाचली बाय, पण पोर ऱ्हवला नाय.

माझो प्रश्न इतकोच, शेतात काम करतल्यांक गोळये वाटतत ते तिका आशाताईन दिले नाय. दिले असते तर?

---

चूकभूल

कुडाळकर, वाईट वाटलं. आशाताईंना दोष देऊ नका. वाटतात ती डॉक्सिसायक्लिन, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, आणि ती गरोदर बाईला देत नाहीत. उपचाराला मात्र पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन आहे, दोन्ही गरोदरपणात चालतात आणि लवकर दिली तर चांगली चालतात.

हा मुद्दा मुद्दाम वाढवते, कारण कोकणात पावसाळ्यात दम लागलेली गरोदर बाई म्हणजे फ्लूच असं धरून चालत नाही. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होतो, एक्सरे न्यूमोनियासारखाच दिसतो. डोळे लाल, पोटऱ्या दुखणं, लघवी कमी, प्लेटलेट कमी, आणि गुडघाभर चिखलात उभं राहिल्याचा इतिहास. हा शेवटचा मुद्दा डॉक्टरला तुम्हीच सांगायचा असतो, तो रक्तात दिसत नाही. माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लांचा ताप, स्क्रब टायफस, तोही असतो. त्याला गरोदरपणात अझिथ्रोमायसिन देतात.

आणि हृदय. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, झडप हळूहळू आकसत गेलेली, कुणाला पत्ता नाही. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्के वाढतं. आकसलेल्या झडपेला ते झेपत नाही आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाई एकदम फेसाळ खोकत येते. ते पाणी असतं, न्यूमोनिया नाही. अशा बाईला अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं की संपलंच. दम लागलेल्या गरोदर बाईला "ताकदीची बाटली" लावू नका, लावून मागू नका.

---

गुहागरची_आत्या

डॉक्टरबाई, मला एक कळत नाही. बाळ तिथेच ठेवून एवढी जोखीम का घेतली? सिझर करून बाळ काढलं असतं तर आईची छाती मोकळी झाली असती. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलंच जगत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

---

पडवी

आत्या, अगदी हेच आमच्या सख्ख्या आत्याने आयसीयूच्या दारात म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी बैठक झाली. स्त्रीरोगतज्ज्ञ, आयसीयूवाले, बाळांचे डॉक्टर आणि आम्ही तिघं. दादाने थेट विचारलं, "आई की बाळ, एकच वाचणार असेल तर?" बाळांचे डॉक्टर म्हणाले, "प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या बाळाला सध्या जिल्ह्यातला सगळ्यात भारी इनक्युबेटर मिळालाय. त्याच इनक्युबेटरला बरं करायचं चाललंय."

---

चूकभूल

छान बोलले.

आत्या, आठव्या महिन्याचं म्हणाल तर पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. ३२ आठवड्यांचं ३० च्यापेक्षा चांगलं जगतं, ३४ चं त्याहून चांगलं. गर्भाला पंचांग कळत नाही.

छाती मोकळी होण्याबद्दल : वाटतं तसं होत नाही. प्रसूतीनंतर ऑक्सिजन थोडा सुधारतो, कधी सुधारतही नाही. फुप्फुसं आतून भरलेली असतात, पोटाने दाबलेली असतात तो भाग लहान. उलट पोट कापायचं, रक्त जायचं, आणि गर्भाशय आकसताना त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे ढकललं जायचं, हे सगळं आधीच टेकीला आलेल्या बाईवर. म्हणून साध्या नियमाने काढत नाहीत. पण सगळं करूनही आईचा ऑक्सिजन टिकत नाही, बाळाचे ठोके बिघडायला लागले, किंवा दिवस बरेच भरलेत, तर काढतात. २९-३० आठवड्यांना आणि आई पालथी घातल्यावर सुधारतेय म्हटल्यावर मीही थांबले असते. एका प्रसंगात मात्र एक सेकंद विचार करायचा नाही. २० आठवड्यांपुढच्या बाईचं हृदय थांबलं तर मसाज चालू ठेवून चार मिनिटांत चाकू आणि पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर. तेही मुख्यतः आईसाठी, कारण त्या ओझ्याखाली मसाजचं रक्त वर चढत नाही.

बाळ आत असताना आमची कसरत अशी. यंत्राने लहान श्वास द्यायचे, किलोमागे ६ मिलिलिटर, आणि किलो म्हणजे उंचीवरून काढलेलं वजन, काट्यावरचं नाही. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला साधारण २९० मिलिलिटर. गरोदर बाईचं काट्यावरचं वजन धरून श्वास दिले तर फुप्फुसं फाटतात. लहान श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, इतरांत आम्ही तो खुशाल वाढू देतो, इथे तो उतार सांभाळायचा असतो म्हणून तेवढी मोकळीक नाही. ऑक्सिजन ९५ च्या आसपास ठेवायचा. पायाच्या शिरेत गाठ होऊ नये म्हणून हेपरिनचं इंजेक्शन. आणि गुंगीची औषधं बाळालाही पोचतात, ठोक्यांची रेघ सपाट, आळशी दिसायला लागते. नवखा माणूस ती बघून घाबरतो आणि सिझरला धावतो. अनुभवी सिस्टर म्हणते, झोपलंय हो.

---

कातळसडा

माझी धाकटी बहीण. २०२१, १९ मे. ३१ आठवडे. गरोदर बायांना कोविडची लस द्यायला परवानगी आली २ जुलैला. एवढंच लिहायचं होतं.

---

कोकमसरबत

कातळसडा 🙏

---

पडवी

कातळसडा, आमच्या बाकावरच्या शेजारी एक भाऊ होता. त्याची बहीण नाही परत आली. मी त्याला बाय म्हणून निघालो तेव्हा तो तिच्या डब्याची पिशवी घडी घालत होता. मला काही सुचलं नव्हतं. आजही नाही.

---

रत्नदुर्ग

घरी आल्यावर वहिनी कशा होत्या? त्याबद्दल कोणी लिहीतच नाही. माझी मामी आयसीयूतून आली ती दोन महिने रात्री दिवा मालवू देत नव्हती.

---

पडवी

बरं विचारलंत. वहिनीला वाटायचं ती लांजा-कोल्हापूर यष्टीत आहे. खिडकीजवळ. घंटी वाजतेय (मॉनिटरची), पण कंडक्टर उतरू देत नाही. मी समोर उभा असताना तिने खुणेने विचारलं, माझं सुटं परत दिलं का? मी खिशातून दोन रुपये काढून तिच्या हातात दिले. मूठ मिटली आणि झोपली. नंतर कळलं, याला आयसीयूतला भ्रम म्हणतात, नळीवरच्या पुष्कळांना होतो. घड्याळ दिसेल असं ठेवणं, नावाने हाक मारणं, दिवस-रात्र सांगणं, चष्मा असेल तर घालणं, याने फरक पडतो. आम्ही चष्मा आठ दिवस घरच्या पिशवीत ठेवून बसलो होतो!

घरी आली तेव्हा न्हाणीत उभी राहू शकत नव्हती. मांड्या काठीसारख्या. आई रोज पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची, आधी चार फेऱ्या, मग दहा. केस मुठीने गळाले. आवाज दीड महिना बसलेला. मुलगी झाल्यावर पहिले दोन दिवस तिला जवळ घ्यायलाच तयार नव्हती, म्हणाली मी हिला एकटीला सोडून गेले होते. आईने तिच्यावर रागवायच्या ऐवजी कधी नव्हे ते गप्प बसून पाय चेपले. तिसऱ्या दिवशी घेतलं. दोन रुपये अजून तिच्या पर्समध्ये आहेत, खर्च करू देत नाही.

---

देवगडची_लाट (रात्री ११:५२)

हा धागा आत्ताच वाचला. मला २६ वा आठवडा. लहानपणापासून दमा आहे. पंप तिसऱ्या महिन्यात बंद केला, बाळाला बाधेल असं घरी म्हणाले. आज दुपारपासून छातीत शिट्ट्या वाजतायत. ताप नाही. झोपलं की गुदमरतंय म्हणून बसून आहे. सकाळपर्यंत थांबू का?

---

चूकभूल (रात्री ११:५८)

जागी आहे, ड्यूटीवर. एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा आणि सांगा. एका दमात वाक्य पूर्ण होतंय का?

---

देवगडची_लाट (रात्री १२:०३)

३२. वाक्य अर्धं. ऑक्सिमीटर नाही.

---

चूकभूल (रात्री १२:०४)

थांबायचं नाही. १०८ ला फोन, आत्ता. निळा पंप घरात असेल तर स्पेसरच्या नळकांड्यातून घ्या, एका वेळी एक दाब, चार-पाच सावकाश श्वास, मग पुढचा. गाडी येईपर्यंत घेत राहा. बसूनच राहा, आडव्या होऊ नका. गाडीत पहिलं वाक्य : गरोदर आहे, दमा आहे, पंप बंद केला होता.

पंपाने बाळाला बाधत नाही. आईला ऑक्सिजन कमी पडला की बाधतं. गरोदरपणात दमा ढोबळमानाने तिघींतल्या एकीला वाढतो, एकीला कमी होतो, एकीला तसाच राहतो. आपण कुठल्या ते आधी कळत नाही, म्हणून औषध सोडायचं नसतं.

---

सायरन (रात्री १२:१०)

देवगडला आमची गाडी आहे. फोन लागला का?

---

देवगडची_लाट (रात्री १२:१४)

लागला. येतायत

---

पडवी (सकाळी ६:२०)

काही कळलं का कुणाला? रात्रभर फोन बघतोय.

---

देवगडची_लाट (सकाळी ९:४१)

इथल्या ग्रामीण रुग्णालयात आहे. आले तेव्हा ९२ होतं. वाफेचं यंत्र तीनदा लावलं, सुईतून स्टेरॉइड दिलं, आता ऑक्सिजन काढून ९७. बाळाचे ठोके ऐकवले. उद्यापर्यंत ठेवणार आहेत. डॉक्टर सासूबाईंना जरा मोठ्याने बोलले, त्या रात्रभर बाहेर बाकावर होत्या. मी त्यांना हा धागा वाचून दाखवला, यष्टीच्या सुट्या पैशापर्यंत ऐकला आणि उठून बाहेर गेल्या. आता पंप त्यांच्याच पिशवीत आहे, पानाच्या डब्याशेजारी. अकराला द्यायचा म्हणून आत्तापासून घड्याळ बघतायत.